निर्माल्य, शेण आणि दोन ड्रम

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल रात्रभर अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघितल्या, पहाटे साडेचारला घरी आलो आणि आठला मंडळाची पोरं दारात हजर. "काकू, तुमचं निर्माल्य." पाच पोती. चूक माझीच. गणपती बसायच्या आधी मीच बोलून बसले होते की दहा दिवसांचं निर्माल्य मला द्या, त्याचं द्रवखत करून दाखवते. आता ओसरीभर झेंडू आणि डोळ्यांवर झोप.

कचऱ्याच्या गाडीत दिलं असतं तरी वाया गेलं नसतं, हे आधीच लिहून ठेवते. आपल्या इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता, त्यातून गाड्यांचा गॅस निघतो आणि खतही. तिथे माझी पाच पोती म्हणजे किस झाड की पत्ती. पण मला बागेला खत हवंय, आणि त्याहून जास्त हे बघायचंय की ड्रमच्या आत नक्की होतं काय. शाळेच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं काढली. रिटायर झाल्यापासून हात शिवशिवतात.

निवडायला सहा तास लागले. झेंडूचा हार सुतात ओवलाय की नायलॉनमध्ये, हे डोळ्यांआधी हाताला कळतं. ओलं सूत ओढलं की तुटतं, नायलॉन बोट कापतं. पंधरातले अकरा हार नायलॉनचे निघाले. जरी, थर्माकोल, टाचण्या, अगरबत्तीच्या काड्या, कापसाची वस्त्रं, नारळाच्या शेंड्या असं सगळं वेगळं काढलं. गुलालाने लाल झालेली फुलंही बाजूला ठेवली, तो रंग कुंड्यांत नको.

वजनं: फुलं, पानं, दूर्वा १९ किलो. मखराला बांधलेले केळीचे खुंट ८ किलो. टाकाऊ ७ किलो.

खुंट बघून आनंद झाला. केळीच्या खोडात पोटॅश भरपूर असतं. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने ह्या खोडाच्या रसापासूनच 'नोवेल' नावाचं द्रवखत तयार केलंय. आपल्याकडे घड कापला की खोड बांधावर फेकतात.

१९ सप्टेंबर, गुरुवार

शेणाची सोय. आमचा दूधवाला चार म्हशी आणि दोन गाई बाळगून आहे. तबेला घरापासून दहा मिनिटांवर. शेण हवंय म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, कंडे (गोवऱ्या) थापणार का? म्हटलं, नाही, पाण्यात कालवणार. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "गोबर जितना चाहो ले जाओ काकीजी, पर मूत कौन पकड़े!"

खरं आहे. तबेल्यात फरशीला उतार आहे आणि सगळं मूत्र नालीत जातं. सकाळी धारेच्या वेळी गाय उठते तेव्हा बादली धरायची, एवढाच उपाय. त्याच्या मुलाने ४ लिटर धरून दिलं. मी त्याला पन्नास रुपये दिले, तर आई (सासूबाई) म्हणाल्या जास्त दिले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दोन निळे ड्रम, २०० लिटरचे, जुन्या बाजारातून आणलेले. पूर्वी त्यांत साबणाचं द्रावण होतं असं विकणारा म्हणाला, वासही तसाच. राखेने तीनदा घासले. नर्मदेचं नळाचं पाणी काल रात्रीच उघड्या टाकीत काढून ठेवलं होतं, म्हणजे क्लोरीन उडून जावं. जंतूंना पोसायला निघालोय, त्यांना आधी औषध पाजून कसं चालेल?

पहिला ड्रम: फुलं-पानं १० किलो (विळीवर चिरून, हे म्हणाले, "एवढी भाजी घरात कधी चिरली होतीस?"), केळीचे खुंट ६ किलो, शेण १० किलो, पाणी १३० लिटर. झाकण घट्ट लावलं.

दुसरा ड्रम: नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृताच्या मापाने, पण निम्मं. पाणी १०० लिटर, शेण ५ किलो, गोमूत्र ४ लिटर, गूळ १ किलो, बेसन १ किलो, वडाच्या झाडाखालची मूठभर माती. तोंडाला फक्त फडकं.

गूळ सियागंजातून काळपट बघून आणला. बेसनाचं पीठ ड्रममध्ये ओतताना मात्र जिवावर आलं. शेवेच्या गावात राहून बेसन शेणात घालायचं! उरलेली फुलं परसात सावलीत पसरली.

अण्णा (माझे सासरे, वय ८७) खुर्ची टाकून बसले होते. काठी उजवीकडेच फिरव, डावीकडे नको, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते ड्रमला उजवं-डावं कळत नाही, ढवळताना आत हवा जाते तेवढंच खरं. पण त्यांच्यासमोर उजवीकडे फिरवली.

२२ सप्टेंबर, रविवार

दुसरा ड्रम जोरात आहे. वर चार बोटं फेस, वास आंबूसगोड, विसरून राहिलेल्या ताकासारखा. पीएचची पट्टी पहिल्या दिवशी ७ दाखवत होती, आज ५. गुळावर जंतू पोसतायत आणि आम्ल तयार होतंय. हे ठीकच, कारण आम्लात अमोनिया, म्हणजे खतातलं नत्र (नायट्रोजन), उडून जात नाही, विरघळून राहतो.

पहिल्याचं झाकण किंचित वर आलंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आजची नोंद मनावर दगड ठेवून लिहिते.

सकाळी बघते तो पहिल्या ड्रमचं झाकण पुरीसारखं फुगलेलं. लोखंडी पट्टा सैल करायला गेले आणि फस्स करून आवाज आला. मागोमाग जो वास आला त्याला उपमा शोधत दिवस गेला. नासलेली अंडी, त्यात खवट तूप, आणि त्याखाली कुठेतरी अजून झेंडूचा वास, तो सगळ्यात वाईट. आई देवघरातून ओरडल्या. पाच मिनिटांत मागच्या इमारतीतल्या वहिनींचा गल्लीच्या व्हॉट्सॅपवर संदेश: "कुणाची गटार फुटली आहे का?" मी उत्तर दिलं नाही. ह्यांनी दिलं: "गटार नाही, आमची सौ. आहे."

संध्याकाळी जाऊन माफी मागून आले, सोबत डब्यात चकल्या नेल्या.

आता कारण. झाकण बंद, आत हवा नाही, बाहेर ऑक्टोबरचं ऊन महिनाभर आधीच आल्यासारखं. हवेशिवाय जगणारे जंतू माजले. त्यांनी पाना-फुलांतल्या प्रथिनांपासून गंधकाचा तो अंड्याचा वायू केला, आणि खवट वासाची आम्लंही. बंद ड्रममध्येही द्रवखत होतं, बरेच जण मुद्दाम तसंच करतात. पण त्याला वायू बाहेर जायला नळी लागते आणि शेजारी लांब लागतात. माझ्याकडे दोन्ही नाही.

काठीने ढवळताना तळातून एक पिशवी वर आली. प्रसादाची. कुणीतरी निर्माल्याच्या पोत्यातच टाकलेली, माझ्या सहा तासांच्या निवडीतून निसटलेली. आत मोदक आणि पाव किलोभर शेव. म्हणजे तेल आणि मीठ. तेलाचा तवंग वर दिसतच होता, मीठ दिसत नाही.

नातवाच्या फिशटँकसाठी आणलेला टीडीएस मीटर धुऊन बुडवला. नळाचं पाणी २९०, ड्रम ३,८००. हा आकडा बघून खूष व्हायचं नाही. पाण्यात विरघळलेलं जे काही विजेला वाट देतं ते सगळं मीटर मोजतो. केळीचं पोटॅश काय आणि शेवेतलं मीठ काय, त्याला दोन्ही सारखंच. ३,८०० मध्ये खत किती आणि शेव किती, हे तो सांगत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

झाकण काढलं, जाळीचं फडकं बांधलं. फिशटँकचा जुना पंप (५ वॅट) आणि दोन नळ्या, टोकाला दगड, तळाशी सोडल्या. बुडबुडे येतायत. तेलाचा तवंग वर्तमानपत्राने टिपून काढला. ह्यांना म्हटलं, हे तुमच्या भजीवरून सुचलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

अंड्याचा वास गेला, तीन दिवसांत! आता पावसानंतरच्या गोठ्यासारखा वास आहे. रंग काळ्या चहासारखा. पाकळ्या मऊ होऊन तळाला बसल्या, केळीचे तुकडे मात्र अजून तसेच, दोऱ्याच्या गुंडाळीसारखे.

दुसऱ्या ड्रममधलं निम्मं परसातल्या लिंबाला आणि शेवग्याला घातलं. जीवामृत सात-आठ दिवसांत वापरून टाकायचं असतं. पुढे गूळ संपतो, फेस बसतो आणि जंतूंची उपासमार सुरू होते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

डासांच्या अळ्या बघणाऱ्या बाई गल्लीत आल्या होत्या. डेंग्यूचे दिवस आहेत. कुलर, कुंड्यांखालच्या बशा, पक्ष्यांचं पाणी सगळं बघत परसात आल्या आणि पहिल्या ड्रमचं फडकं उचलून टॉर्च मारला. "ये क्या पाला है आंटी?"

आत पन्नासेक अळ्या. राखाडी, बोटाच्या पेराएवढ्या, आणि प्रत्येकीला मागे लांब शेपूट, दोरीसारखं. माझ्या पोटात गोळा आला, कारण फडकं एका बाजूला सुटलेलं होतं आणि तो दोष माझा. पण ह्या डासाच्या नव्हत्या. डासाची अळी बारीक असते, पाण्यात वळवळत वर-खाली करते. ही मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एका माशीची अळी, आणि तिचं ते शेपूट म्हणजे श्वासाची नळी. कुजक्या पाण्यात हवा नसते म्हणून ती शेपूट वर काढून श्वास घेते, पोहणाऱ्याने तोंडात नळी धरावी तशी. बाईंना एक अळी चमच्यात काढून दाखवली. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला, फडकं नीट बांधायला लावलं, आणि जाताना खत कसं करतात ते विचारून गेल्या.

एक मात्र कळलं. ह्या अळ्या आहेत म्हणजे पंप असूनही ड्रममध्ये हवा पुरत नाही. नळ्यांची टोकं गाळात रुतली होती. वर उचलून बांधली.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुटी. सांवेरहून आत्येभाऊ आला. सोयाबीन काढून झालं की गहू टाकणार. ड्रम बघून म्हणाला, "वहिनी, हे चाललं तर युरियाची लाईन सुटेल." त्याला उत्तर द्यायला वही घेऊन बसले. इतके दिवस नुसती ढवळत होते, हिशोब आज केला.

दुसऱ्या ड्रममध्ये (१०० लिटर) नत्र किती गेलं?

ओल्या शेणात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आतच, बाकी बहुतेक पाणी. ०.४ टक्के धरू. ५ किलोत २० ग्रॅम.
गोमूत्रात साधारण १ टक्का. ४ लिटरमध्ये ४० ग्रॅम.
बेसनात प्रथिनं २२ टक्क्यांच्या आसपास, त्याला ६.२५ ने भागलं की नत्र साडेतीन टक्के. १ किलोत ३५ ग्रॅम.
गुळात जवळजवळ काही नाही.

एकूण ९५ ग्रॅम. पूर्ण २०० लिटरच्या ड्रमला १९० ग्रॅम, आणि तेवढा ड्रम एका एकराला सांगतात. ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र देतात, म्हणजे एकरी ४८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. एका गोणीच्या बरोबरीला माझे शंभराहून जास्त ड्रम लागतील.

आत्येभाऊ वहीकडे बघून म्हणाला, "म्हणजे युरियापेक्षा बेसन महाग पडलं." ड्रममधल्या नत्राचा तिसरा हिस्सा बेसनाचा निघाला, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

जीवामृत फसवं आहे असं मी म्हणत नाही. पाळेकरही त्याला खत म्हणून नाही, विरजण म्हणून सांगतात. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, पण पातेल्यात आधी दूध लागतं. शेतात ते दूध म्हणजे पालापाचोळा, शेणखत, आच्छादन. ते नसेल तर नुसतं विरजण ओतून काय होणार? आत्येभाऊला सांगितलं, युरिया एकदम बंद करू नकोस, आधी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाळणं बंद कर.

हे सगळं ऐकून अण्णांनी त्यांची गोष्ट काढली. ते कृषी महाविद्यालयाच्या ऑफिसात होते, ती जागा म्हणजे जुनं इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ तिथे होते, आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून जे कंपोस्ट ओळखलं जातं ते इथलं. शेतातला काडीकचरा आणि गोठ्यातलं शेण थरावर थर, तीनदा पलटायचं, तीन महिन्यांत खत. १९३१ च्या त्या पुस्तकावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड ह्यांचंही नाव आहे, ते अण्णा दर वेळी जोर देऊन सांगतात. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजीही ती पद्धत बघायला तिथे गेले होते. आज दोन ऑक्टोबर म्हणून ही गोष्ट होणारच होती.

पण ह्या वेळी एक गोष्ट कानात राहिली. हॉवर्ड-वाडांच्या खड्ड्यात मुताने भिजलेली गोठ्यातली माती मुद्दाम घालायचे. कारण माझ्या वहीतच होतं: ५ किलो शेणात २० ग्रॅम, ४ लिटर मुतात ४० ग्रॅम. आणि आमच्या दूधवाल्याकडे ते नालीत जातं.

५ ऑक्टोबर, शनिवार

घट बसलेत. देवघरात घटाभोवती गहू उगवतोय, तिथून दोन हातांवर माझ्या पाच वाट्या. अण्णांचा हुकूम: घटाला ह्यातला थेंबही जाता कामा नये.

प्रत्येक वाटीत टिपकागद, वर मेथीचे २५ दाणे. पहिल्या ड्रमचं पाणी गाळून: एकात निव्वळ, एकात एकास पाच, एकात एकास दहा, एकात एकास वीस. पाचवीत नळाचं साधं पाणी. गाळायला जुन्या नायलॉनच्या साडीचा पदर दुहेरी करून. सुती फडकं दोन तांब्यांतच तुंबतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उगवलेले दाणे, २५ पैकी: निव्वळ २. एकास पाच १४. एकास दहा २३. एकास वीस २४. साधं पाणी २३.

निव्वळ वाटीतले जे दोन उगवले त्यांची मुळं पिवळी आणि आखूड, टोकाला भाजल्यासारखी. एकास दहाचा टीडीएस ६२०. तर माप ठरलं: एकाला दहा, रोपं लहान असतील तर एकाला वीस. घटातला गहू मात्र सगळ्यांच्या वर आहे. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

९ ऑक्टोबर, बुधवार

ड्रमवर वाकले तर डोळ्यांत झोंबलं. पीएच पट्टी ८. म्हणजे आता अमोनिया उडायला लागलाय, आणि माझा पंप बुडबुड्यांसोबत त्याला बाहेर पोचवतोय. वास नको म्हणून हवा दिली. चौदा दिवस दिली तर नत्रच गेलं. पंप रात्रंदिवस नको. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास. पुढच्या वेळी आठव्या-दहाव्या दिवशीच गाळून वापरायला काढायचं.

आज १२ कुंड्यांत पालक पेरला. परसातली काळी माती आणि रेती निम्मी-निम्मी. नुसती काळी घातली तर सुकल्यावर कुंडीतच भेगा पडतात. चार कुंड्यांना साधं पाणी, चारांना पहिला ड्रम एकास दहा, चारांना नुसतं गोमूत्र एकास वीस. आठवड्यातून एकदा, कुंडीला अर्धा लिटर.

एक पथ्य. पाणी मातीत घालायचं, पानांवर नाही. कच्च्या शेणात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि ड्रममध्ये आठ दिवस राहून ते मरतात असं धरून चालता येत नाही. कंपोस्टच्या ढिगासारखी उष्णता इथे नसते. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेण घालणं आणि मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी ह्यांत १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगतात. माझा पालक शिजवूनच खायचा. कोथिंबीर, पुदिना, मुळा ह्यांच्या वाफ्याकडे हा झारा न्यायचा नाही, आणि झाऱ्याला लाल दोरा बांधलाय.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. पुन्हा झेंडू. गल्लीने दारं-गाड्यांचे हार माझ्या फाटकाला अडकवून ठेवलेत, न विचारता. या वेळी मी एका पुठ्ठ्यावर लिहून लावलंय: "नायलॉनचा दोरा काढून द्यावा. शेव नको."

२० ऑक्टोबर, रविवार

गोमूत्राच्या एका कुंडीतली रोपं कडेने तपकिरी. पहिल्या दिवशी अंदाजाने ओतलं होतं, बहुधा एकास पाच पडलं. रसायनशाळेत मुलांना अंदाजपंचे म्हणून ओरडायचे, आता मीच. ती कुंडी वजनातून वगळायची.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. दोन दिवस ड्रमकडे फिरकले नाही. आज मागच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या आणि नाक उडवत म्हणाल्या, "आलंय वाटतं परत." पंपाच्या प्लगवर ह्यांनी आकाशकंदील लावला होता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पालक कापला. स्वयंपाकघराच्या काट्यावर, मुळं सोडून, कुंडीमागे सरासरी:

साधं पाणी: ४१ ग्रॅम
पहिला ड्रम, एकास दहा: ५८ ग्रॅम
गोमूत्र, एकास वीस (तीनच कुंड्या): ७३ ग्रॅम

दोन महिने चिरलं, ढवळलं, गल्लीची बोलणी खाल्ली, आणि जिंकलं ते बादलीत धरलेलं मूत. हे ताटावर बसल्यावर सांगितलं तर नातू जेवेना.

बारा कुंड्यांवरून फार उड्या मारायच्या नाहीत हे मला कळतं. पालक पानांचं पीक, त्याला नत्र लागतं, आणि माझ्या ड्रममधलं नत्र मी स्वतः पंपाने उडवलं. जास्वंद आणि टोमॅटोला ड्रमचंच पाणी देतेय, त्यांना पोटॅशचं काम असतं. टोमॅटोला फुलं लागलीत, पण तिथे साध्या पाण्याची कुंडी जोडीला ठेवली नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहिला ड्रम रिकामा केला. गाळून उरलेला चोथा १४ किलो, ओला. हा फेकायचा विचार होता, पण पाण्यात उतरलं ते थोडंच, जास्त माल अजून इथे आहे. केळीचे धागे बोटांनी उकलून बघितले, आत अजून पांढरे.

परसात पेरूखाली हातभर खोल खड्डा घेतला. तळाला वाळका पाला, वर चोथा, वर सप्टेंबरपासून पसरून ठेवलेली वाळकी फुलं, शेणकाला शिंपडून परत पाला. अण्णांनी खुर्ची इकडे आणवली आणि थर किती जाड हे काठीने दाखवत राहिले. पलटायच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या: ९ डिसेंबर, २३ डिसेंबर, २३ जानेवारी.

संध्याकाळी तबेल्यात गेले. गाई बांधतात तिथे उताराच्या टोकाला कोरडी माती पसरायची, भिजली की भरून मला द्यायची, असं दूधवाल्याला समजावलं. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. "मतलब काकीजी, जो नाली में जा रहा था, वो भी बिकेगा?"

पाटीचे वीस रुपये ठरले. माती माझी.